कीर्तनात झोप का येते?

दीपाली हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी करायची आणि जेवणाच्या सुट्टीत ‘चौकस’ या नावानं ब्लॉग लिहायची. लाखाची गाडी आली तर कोथरूडच्या गल्ल्यांत ती लावायची कुठे, कबूतर चालताना मान का हलवतं, असलं काहीबाही. वाचणारे मूठभर. घरी फक्त नवऱ्याला, अभयला, ठाऊक होतं.

एका दुपारी तिनं राममंदिरातल्या कीर्तनावर लिहिलं, ‘कीर्तनात झोप का येते?’ संध्याकाळपर्यंत प्रतिक्रियांचा ढीग पडला. कुणी म्हणालं, झोपेच्या गोळीपेक्षा स्वस्त. कुणी म्हणालं, बुवांना आता घरी बसवा. दीपालीचं हसू तिथंच मावळलं. तिचे सासरे सीतारामबुवा कीर्तनकार होते आणि लग्न झाल्यापासून टाळ धरून त्यांच्यामागे तीच उभी राहायची.

दोन दिवसांनी पेटीवाले श्यामराव घरी आले. “भाच्यानं काहीतरी दाखवलं. दीपाली, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर शोध आणि वाच. ऐकू दे बुवांना. शनिवारच्या कीर्तनात त्याची चांगली हजेरी घेऊ.”

स्वतःचंच लिखाण तिनं वाचून दाखवलं. लेखात खांबाला टेकून डुलणारे आजोबा आले तिथं बुवा हसले.

“माणूस कीर्तनाला बसलेला आहे. बसल्याशिवाय एवढं दिसत नाही.”

“बसलेला कसला, झोपलेला.”

“श्यामराव, पेटी तुमचीही मध्येच थांबते.” बुवा तिच्याकडे वळले. “कीर्तनात पूर्वपक्ष म्हणून घेतो मी हे, आधी आक्षेप, मग उत्तर. पण ज्याचा आक्षेप आहे त्याला कळवायला हवं. लिही.”

त्यांनी सांगितलं, तिनं लेखाखालच्या प्रतिक्रियांत टाइप केलं. ‘सप्रेम नमस्कार. शनिवारी राममंदिरात आपल्या लेखाला उत्तर द्यावं म्हणतो. अवश्य यावं. पुढे जागा राखतो. आपलं म्हणणं मी चुकीचं मांडलं तर तिथंच टोकावं.’

रोज कंपनीची बस दारात आली की बुवा विचारायचे, “आलं का गं उत्तर?”

“नाही, बाबा.”

“कामात असतील.”

त्या भल्या शब्दांनी ती दिवसभर पोळायची. चांदणी चौकात बस अडकली की मनात उत्तर जुळवायची, पुलापर्यंत खोडायची. बुवा नेहमी म्हणत, समोरचा श्रोता चुकला तर चालतं, पाठीमागचा टाळकरी आपला हवा. लेख आपलाच असं सांगितलं तर पाठीमागची ती जागा गेली.

“उडवून टाक ना सगळं,” अभय म्हणाला. “कुणाला कळतंय?”

तिनं माउस नेलाही तिथपर्यंत. पण लेखाबरोबर खालचा तो नमस्कारही पुसला गेला असता.

शनिवारी मंदिर भरलं. बरेचसे हजेरी बघायला आलेले. पुढे एक आसन रिकामं. दीपालीच्या हातातले टाळ दोनदा चुकले. बुवांनी मागे वळून पाहिलं नाही. अभंग लावून झाला आणि ते थांबले.

“आज एका लेखकांना उत्तर देणार होतो. जागा ठेवली होती, आलेले दिसत नाहीत. माणसाच्या पाठीमागे बोलणं मला जमायचं नाही. विषय सोडू.”

“घाबरला असेल,” गर्दीतून कुणी म्हणालं.

“असं आपण का म्हणावं? ओळखतो का त्याला?”

दीपालीनं टाळ पेटीवर ठेवले, वळसा घालून पुढे आली आणि त्या आसनावर बसली.

“अगं, ती लेखकाची जागा आहे,” श्यामराव कुजबुजले.

“हो, काका.”

बुवांनी उपरणं सारखं केलं. मग, सुनेला कधी म्हणत नसत तसं, म्हणाले, “मांडा तुमचं म्हणणं.”

ती उठली. “आख्यानात झोप येत नाही. त्याआधीच्या निरूपणात येते. एकच गोष्ट तुम्ही चार दृष्टांतांनी सांगता. पहिल्यालाच ती कळलेली असते.”

“हे लेखात नव्हतं.”

“नाही. तिथं नुसती थट्टा होती.”

पहिल्या रांगेतले लोक जमिनीकडे बघत होते.

“लागलं,” बुवा म्हणाले. “थट्टाही लागली आणि हेही लागलं. हे खरं आहे, म्हणून जास्त. आज एकाच दृष्टांतावर भागवून बघतो. कधी केलेलं नाही, लय सुटेल माझी. तू मागे उभी राहा.”

ती वळसा घालून परत गेली. श्यामरावांनी तिच्याकडे न बघता टाळ पुढे केले.