रोलमधल्या उरलेल्या सात फ्रेम

सगळं हॉस्पिटल तिला एक्स-रे ताई म्हणायचं. तेवीस वर्षं ती तळमजल्यावरच्या त्याच खोलीत माणसांना "श्वास घ्या... धरा... सोडा" असं सांगत आली होती. मोडलेली मनगटं, पोरांनी गिळलेली नाणी, म्हाताऱ्यांच्या छातीतलं पाणी, सगळं तिच्या नजरेखालून गेलं होतं.

सुरुवातीची वर्षं फिल्मची होती. एक्स-रेच्या खोलीला लागून एक अंधारखोली होती. तिथं लाल दिव्याखाली ती फिल्म रसायनात बुडवायची. पांढुरक्या फिल्मवर हळूहळू काळोख पसरायचा आणि हाडं तेवढी उजळ राहायची. हजारो वेळा पाहूनही तिला त्याचा कंटाळा आला नाही. मग कॉम्प्युटर आले, अंधारखोलीत झाडू आणि सलाइनचे खोके जाऊन बसले आणि ताईला करमेनासं झालं.

त्याच सुमाराला बाजारातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. मालकानं फोटो मोठे करून छापायचा एनलार्जर, ट्रे, लाल दिवा आणि स्वतःचा फिल्मचा कॅमेरा असा सगळा संसार तिच्या पदरात घातला. "काच पुसताना फुंकर मारू नका, थुंकी उडते," एवढीच ताकीद दिली. ताईचा नवरा सुतार. त्यानं न्हाणीघराच्या खिडकीला घट्ट बसणारी प्लायची फळी करून दिली, एनलार्जर ठेवायला फडताळ ठोकलं. दर रविवारी दुपारी ताई आत कोंडून घ्यायची.

"आमच्या न्हाणीघरात आठवड्यातून एकदा भूत उतरतं," तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यानं तिला नवाकोरा डिजिटल कॅमेरा आणून दिला. "हा घे. म्हणजे मला रविवारी हातपाय तरी धुता येतील."

पण झालं उलटंच. ताई आता दोन्ही कॅमेरे घेऊन फिरू लागली. उडती कबुतरं, पुलावरून पळणारी सावली, असलं हलणारं काही असलं की डिजिटल. गंजलेल्या कड्या, झिजलेल्या पायऱ्या, कुणीतरी बाहेर टाकलेली खुर्ची, यांना फिल्म. डिजिटलवर काढलं की लगेच मान खाली घालून कसं आलंय ते बघावंसं वाटतं, फिल्मवर काढलं की आपण समोरच बघत राहतो, असं ती म्हणायची. माणसांचे फोटो मात्र ती काढत नसे. नणंदेनं कितीदा म्हटलं, "वहिनी, आमचा एखादा काढा की."

"अगं, दिवसभर माणसं आतून बघते. रविवारी तरी त्यांना सुट्टी देऊ दे."

एका बुधवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टर खाली आल्या. बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांची उभी हयात गेली होती. सहसा त्या जिना उतरत नसत.

"तुझ्या बॅगेत कॅमेरा असतो ना गं?"

"असतो. का?"

सिस्टर स्टुलावर बसल्या. सकाळी एक बाई बाळंत झाली होती. आठवा महिना सरता सरता बाळ पोटात हलायचं थांबलं, मुलगी गेलेलीच जन्माला आली. बापाला तिचा एक फोटो हवा होता.

"त्याच्याकडे मोबाइल नाही का?"

"आहे. चार काढले बिचाऱ्यानं. हात थरथरतोय, वर तो फ्लॅश. पोर निळी दिसते गं. मला दाखवले आणि म्हणाला, ही अशी नाहीये हो सिस्टर."

ताईनं हातातला घास डब्यात ठेवला. "मी माणसांचे फोटो काढत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. चार वाजता बाळाला नेतील." एवढंच बोलून सिस्टर उठल्या आणि जिन्याकडे चालू लागल्या.

ताईनं डबा झाकला, हात धुतले आणि बॅग उचलून त्यांच्या मागून गेली.

कोपऱ्यातली खोली होती. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिची वेणीच फक्त दिसत होती. ती कपडे शिवायची, नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो पाळण्याशेजारी उभा होता, कामावरचाच निळा शर्ट अंगात, खिशाला टेस्टर अडकवलेला. पाळण्यात गुंडाळलेलं बाळ.

ताईनं आधी ट्यूबलाइट घालवली. मग पडदा सरकवला. बाहेर ढगाळ होतं, खिडकीतून मऊ उजेड आला आणि बाळाच्या चेहऱ्यावरचा निळेपणा बराचसा ओसरला.

"दादा, तिला उचलून इथं या. खिडकीपाशी."

त्यानं उचललं. लिफ्टचे लोखंडी दोर ओढून घट्टे पडलेले ते हात, पण मानेखाली तळवा असा धरला, जणू दहा पोरं वाढवली आहेत. ताईनं डिजिटलवर काही फोटो काढले. टोपडं, मिटलेल्या पापण्या, त्याच्या अंगठ्यावर ठेवलेली इवलीशी बोटं. कॅमेऱ्यातच ते काळे-पांढरे केले आणि त्याच्यापुढे धरले.

तो बराच वेळ बघत राहिला. "नाक माझ्या आईचं आहे," तो म्हणाला. सिस्टरनी बाळ घेतलं. तो खुर्चीत बसून तोंडावर रुमाल दाबून रडला.

"तूही बघ ना गं एकदा," तो बायकोला म्हणाला.

"मला दाखवू नका." भिंतीकडूनच आवाज आला. "आत्ता नाही बघवणार."

ताई कॅमेरा बॅगेत ठेवू लागली. बॅगेत फिल्मचा कॅमेरा होता, दोन्ही एकमेकांवर आपटले. त्या आवाजानं बाई वळली. रडून रडून डोळे सुजलेले. तिनं दुसऱ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"तो कसला?"

"हा जुना. फिल्मचा."

"ह्याच्यात लगेच दिसत नाही ना?"

"नाही. धुवावी लागते फिल्म. मग कागदावर छापायचं."

"आणि नाही छापलं तर?"

"तर निगेटिव्ह तशीच राहते. वर्षानुवर्षं राहते."

बाईनं डोळे पुसले. मग कोपरावर रेलून उठून बसली. "मग ह्याच्यात काढा. मी मागितल्याशिवाय छापू नका. यांनाही देऊ नका." आणि तिनं सिस्टरपुढे हात पसरले. तोवर तिनं लेकीला एकदाही घेतलं नव्हतं.

रोलमध्ये सात फ्रेम उरल्या होत्या. रोल उन्हातल्या भिंतींसाठी भरलेला, उजेड फार मागणारा. खोलीत तेवढा उजेड नव्हता आणि फ्लॅश तर लावायचाच नव्हता. ताईनं पलंगाच्या दांडीवर कोपर टेकवलं, शटर सेकंदाच्या आठव्या भागावर आणलं आणि स्वतःचा श्वास धरला. एकेक फोटो हळू काढला. बाईनं कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही. ती बाळाचं टोपडं नीट करत होती, दुपट्याची घडी सरळ करत होती. सातव्या फ्रेमनंतर फिल्म गुंडाळायचा खटका पुढे सरकेना.

"झालं," ताई म्हणाली.

"अजून थोडा वेळ असू दे माझ्याकडे," बाई सिस्टरना म्हणाली. सिस्टरनी पाळणा बाजूला सरकवला.

त्या रविवारी न्हाणीघरात शिरल्यावर ताईनं दाराची कडी दोनदा तपासली. भिंतींचे फोटो बिघडले तर पुन्हा काढता येतात. इथं रसायन जुनं निघालं, पाण्याची ऊब चुकली, तर जगात दुसरी प्रत नव्हती. तिनं आधी टाकाऊ फिल्मचा एक तुकडा धुऊन पाहिला. मग डबीतली फिल्म धुतली, घड्याळाकडे डोळे लावून. बाहेर काढून उजेडात धरली. सातही होत्या. निगेटिव्हमध्ये बाळाचा चेहरा काळा आणि दुपटं त्याहून काळं, त्यामुळे कळत काहीच नव्हतं, पण होतं सगळं.

नवऱ्यानं दारावर टकटक केली. "भूत आज फारच शांत आहे?"

आतून फक्त पाण्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि चहा टाकायला गेला.

तिनं त्या फ्रेम कापून बटरपेपरमध्ये गुंडाळल्या, पाकिटात घातल्या. पाकिटावर फक्त तारीख लिहिली.

दोन महिन्यांनी बाप डिजिटलचे फोटो न्यायला आला. ताईनं दोन छापून ठेवले होते. त्यानं ते बरोबर आणलेल्या वहीत घातले.

"घरी बाहेर ठेवता येणार नाहीत," तो म्हणाला. "ती विषयच काढू देत नाही. मी अवजारांच्या पेटीत ठेवीन. तिथं ती हात घालत नाही." जाताना दारात थांबून म्हणाला, "तुमच्याकडचे ते सात... आहेत ना?"

"आहेत. पण ते तिचे आहेत, दादा."

"हो हो. आहेत ना, एवढंच विचारलं."

तीन वर्षं गेली. पाकीट कपाटात पडून राहिलं. ताईचे रविवार नेहमीसारखे जात होते, फक्त गंजलेल्या कड्यांत तिचं पूर्वीसारखं मन रमत नव्हतं.

मग एका शनिवारी सकाळी बाई थेट ताईच्या दारात उभी राहिली. सिस्टरांकडून पत्ता घेऊन आली होती. ओढणीखाली पाच-सहा महिन्यांचं पोट दिसत होतं. ताईनं तिला बसवलं, पाणी दिलं.

"अगं, चांगली बातमी की!"

"हो." बाईनं पेला दोन्ही हातांत धरला. "ताई, परवा नवीन दवाखान्यात नाव घातलं. फॉर्म भरणाऱ्या मुलीनं विचारलं, पहिलीच खेप ना? आणि मी हो म्हणाले." तिनं पेला खाली ठेवला. "नुसती मान हलवली. तिनं लिहून टाकलं. घरी आल्यापासून अन्न गोड लागत नाही. दुसऱ्या कुणी नाही हो, मीच पुसून टाकलं तिला."

ताई उठली. ती कपाटाकडे गेली आणि पाकीट आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

"आत्ता छापू या?"

"मी बघू शकते? छापताना?"

"ये की. फक्त रसायनाचा वास येईल. खिडकी उघडी ठेवता येणार नाही, त्यामुळे मळमळलं तर लगेच सांग. ट्रेपासून लांब, दारापाशी बस."

सुतारानं स्टूल आणून दिलं आणि आपण ओट्यापाशी जाऊन उगाच भांडी घासत बसला. न्हाणीघरात लाल दिवा लागला. ताईनं तिसरी फ्रेम निवडली, कागदावर उजेड पाडला, मनात आकडे मोजले आणि कोरा कागद रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला. ट्रेची एक कड उचलून ती हळूहळू हलवू लागली.

आधी दुपट्याची घडी आली. मग टोपड्याची नाडी, मग पापण्या, ओठ.

बाई स्टुलावरून उठली. ताई "लांब राहा" म्हणेपर्यंत ती ट्रेवर वाकलीसुद्धा होती. तिनं ओढणीनं नाक झाकलं होतं, डोळे मात्र हलले नाहीत.

बाळ लख्ख आलं होतं. भुवईचा केस न् केस मोजता आला असता. पण त्याच्यावर वाकलेली आई पुसट होती, गालाची कड दोनदा उमटल्यासारखी. शटर उघडं राहिलं त्या तेवढ्या वेळात ती हलली होती.

"मीच खराब केला," बाई म्हणाली. "मी हलले."

"तू श्वास घेत होतीस गं. आणि टोपडं सारखं करत होतीस. हे बघ हात."

बाईनं हात पाहिला. पुसट बोटं नाडीची गाठ मारत होती. तिला ते आठवत नव्हतं. त्या दिवसातलं तिला फक्त भिंतीवरचे रंगाचे पोपडे आठवत होते, हे तिनं नंतर सांगितलं. आपण लेकीचं काहीच केलं नाही, तिच्याकडे पाठ करून पडलो, एवढंच तीन वर्षं ती मनात घोळवत बसली होती.

"म्हणजे मी घेतलं होतं तिला," ती म्हणाली.

"चांगला अर्धा तास. सिस्टर मागायला आल्या तरी दिली नाहीस."

तेव्हा ती रडली. ताईनं फोटो पक्का व्हायला फिक्सरच्या ट्रेमध्ये टाकला, हात पुसले आणि तिला धरून बाहेर आणलं. सुतारानं खुर्ची पुढे केली. त्या दिवशी सातही फ्रेम छापल्या, उरलेल्या सहा ताईनं एकटीनं. वाळेपर्यंत बाई तिथंच थांबली, जेवली, फोटो दोरीवरून काढायला तिनंच हात लावला.

सोमवारी ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली आणि फॉर्म दुरुस्त करून घेतला. फॉर्मवाल्या मुलीनं "अय्या, आधी का नाही सांगितलं?" म्हटल्यावर नवरा चिडला, पण बाई म्हणाली, "आता सांगतेय ना." घरी आल्यावर तिनं सात फोटो त्याच्यापुढे मांडले. तो उठला, अवजारांची पेटी उघडून तळाशी ठेवलेले आपले दोन घेऊन आला. त्यांच्या कडांना ग्रीसची बोटं लागली होती. हे सगळं त्यानंच नंतर फोनवर ताईला सांगितलं.

त्यांना मुलगा झाला, धडधाकट. त्याचे फोटो काढायला ताईला कुणी बोलावलं नाही. बाप मोबाइलवर दिवसाला चाळीस काढत होता.

पण वरच्या मजल्यावरून बोलावणी येत राहिली. ताईनं सिस्टरना सांगून ठेवलं होतं, कुठल्याही वेळी बोलवा, फक्त आईला आधी विचारा. एक कॅमेरा लगेच दाखवणारा, एक थांबणारा, जे हवं ते. काही जण नको म्हणतात. त्यांनी नको म्हटलं की ती बॅग न उघडता खाली येते आणि उरलेला दिवस माणसांना श्वास धरायला सांगत राहते. काही जण दोन्ही मागतात. आजवर एकोणीस पाकिटं झाली, त्यांतली अकरा लोकांनी नेली. उरलेल्या आठांसाठी नवऱ्यानं सागवानी खण करून दिला आहे. ओल लागू नये म्हणून त्याला आतून पत्रा मारला आहे.

"न्यायला नाही आले तर?" त्यानं खण बसवताना विचारलं.

"राहू देत," ताई म्हणाली. "आपल्याकडे जागा आहे."