शिफारस क्रमांक चार

"पन साहेब, मी गेलतो कुठं?" भारत वाव्हळ म्हणाला.

चेअरमन माणिकरावांनी तोवर पिशवी त्याच्या टेबलावर उपडी केली होती. चकचकीत पुस्तिका, नकाशे, शंभर-दीडशे फोटो आणि मेंढीच्या चीजचं एक रिकामं वेष्टन.

"न्हाई गेलतास म्हनूनच तर लिव्हायचं. आमी बघून आलो. लिव्हायचं बी आमीच, तर मग कारकून कावून ठिवलाय?" माणिकराव हसले. "सोमवारी सभा हाय. पंधरा पानं कर. जरा वजनदार लिव्ह."

दूध संघाच्या संचालकांचा अभ्यासदौरा इटलीच्या सार्डिनिया बेटावर जाऊन आला होता. तिथं मेंढपाळांच्या सहकारी दुग्धशाळा आहेत आणि उन्हाळे आपल्यासारखेच कोरडे. अहवाल लिहायला म्हणून भारतचं नाव यादीत होतं. पासपोर्टही निघाला. पोलीस चौकशीला घरी आले, त्या दिवशी त्याच्या आईनं, भिमाबाईनं, अख्ख्या गल्लीला चहा पाजला. जायच्या आठ दिवस आधी त्याच्या नावावर काट बसली आणि त्या जागी माणिकरावांचे जावई गेले. भारतनं नवी यादी टाइप करून दिली. चौतीस वर्षं त्यानं न बोलण्याचीच नोकरी केली होती. निवृत्तीला आता आठ महिने उरले होते. पासपोर्ट कपाटात पडला होता, कोरा करकरीत.

एप्रिल होता. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेलेला. गावात आठवड्यातून एकदा टँकर यायचा, जनावरं दिंद्रुडच्या रस्त्याला छावणीत होती, दूध निम्म्यावर आलं होतं. अशात साहेब लोक समुद्र बघून आले, म्हणून गावानं पोटभर शिव्या दिल्या आणि मग गाव विसरलंही. गावाला तरी किती लक्षात ठेवायचं?

भारतनं डिक्शनरी काढली आणि पुस्तिका वाचायला घेतल्या. खरं सांगायचं तर रागातच घेतल्या. पण तो त्यांत हळूहळू गुंतत गेला. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चुना न लावता नुसत्या दगडावर दगड ठेवून रचलेले बुरूज. मग आलेल्या रोमन लोकांचे रस्ते, नळ, हमामखाने. आणि एका पानावर विहीर. जमिनीत उघडलेलं दगडी तोंड, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, तळाला पाणी. विहीर तीन हजार वर्षांची, लोक तिला देव मानायचे. माणिकरावांनीही तिथं फोटो काढून घेतला होता. निम्मी विहीर त्यांच्या पोटामागं दडली होती.

शिपाई सटवा चहा घेऊन आला. फोटोवर वाकला आणि म्हणाला, "साहेब आपल्या बारवंवर कवा गेलते, भाऊसाहेब?"

भारत हसला. मग त्याचं हसू विरलं. सोमवारच्या सभेचा सातवा विषय त्यानं स्वतःच टाइप केला होता: गावातील जुनी बारव बुजवून त्या जागी पशुखाद्याचे गोदाम बांधणे.

दुपारी जेवताना त्यानं हे आईच्या कानावर घातलं.

"बुजू दे की," भिमाबाई म्हणाली. "आपलं काय जातंय? मला कदी उतरू दिलं का तिच्यात? वर त्या सपाट दगडापाशी घागर ठिवायची आन हुबं ऱ्हायाचं. कुनाला कीव आली तर वतायची. न्हाई आली तर ऊन डोक्यावर येईस्तोर तसंच. पाय नुसते भाजून निघायचे."

"ठावं हाय मला."

"मंग? तुला कावून तिचा पुळका?"

भारतनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "आई, ती बुजली की तो दगड बी गेला. मंग उद्या कुनी बी म्हनल, आपल्या गावात असलं काय नव्हतंच. तू कुठं हुबी ऱ्हायचीस, ते मी कुनाला दाखवू?"

भिमाबाईनं त्याच्या ताटात कालवण वाढलं. मग म्हणाली, "तुला कळतं तसं कर. पन नोकरी संबाळ बाबा."

त्यानं पंधरा पानं लिहिली. मेंढ्यांचं दूध, शीतकरण, चारा, सगळं आलं. शेवटी शिफारशी. पहिल्या तीन कुणीही लिहिल्या असत्या. चौथी अशी: "सदर बेटावर अतिप्राचीन पायऱ्यांची विहीर जतन केलेली आढळली. पुढे रोमन राजवट आली, त्यांनी नळ व हमामखाने बांधले, परंतु जुनी विहीर बुजवली नाही. आपल्या गावची बारवही संघाने उपसावी व पायऱ्या, कठडा आणि कठड्याबाहेरील सपाट दगड यांसह आहे तशी जतन करावी." लिहून झाल्यावर त्यानं पेनाला टोपण लावलं. या वयात असली अवदसा आठवते म्हणजे काय, असं त्याचं त्यालाच वाटलं.

सभेला मांडवात साठ-सत्तर माणसं होती आणि सगळ्यांचं चित्त मागच्या आचाऱ्याकडे. माणिकरावांनी अहवाल वाचायला घेतला. आदल्या दिवशी चाळावा, एवढी तसदी त्यांनी घेतली नव्हतीच. अडखळत, घाम पुसत, एका दमात ते चौथी शिफारसही वाचून गेले.

"मंजूर, मंजूर!" मांडव ओरडला.

पुढं सातवा विषय आला. निवृत्त हेडमास्तर विठ्ठलराव काठी टेकत उठले. "चेअरमनसाहेब, बारव उपसायचं आत्ताच मंजूर झालं. तुमीच वाचलं. मग आता बुजवायचं कसं मंजूर करायचं?"

आचाऱ्याकडे वळलेल्या माना पुढं फिरल्या. माणिकरावांनी कागद उलटा केला, सुलटा केला आणि भारतकडे पाहिलं. भारत मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होता. 'हे मी लिहिलं नाही' म्हणावं, तर मग इटलीला काय करायला गेलता, असं कुणीतरी विचारणारच. माणिकराव तांब्याभर पाणी प्याले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "सातवा विषय मागं घेतो. रोमन लोकांनी बुजवली न्हाई, तर आपन कावून बुजवायची?"

टाळ्या पडल्या. संध्याकाळी केबिनमध्ये माणिकराव एवढंच म्हणाले, "लई शाना झालास." महिना संपायच्या आत भारतची बदली दिंद्रुडच्या शीतकेंद्रावर झाली. उरलेले महिने रोज एसटीत उभं राहून जायचं आणि उभं राहून यायचं. गुडघे बोलायला लागले.

बारव मात्र उपसली गेली. महिनाभर गाळ, टायर, बाटल्या निघत होत्या. मग पायऱ्या लागल्या आणि तळाला गुडघाभर पाणी आलं. माणिकरावांनी फीत कापली. पाटीवर सगळ्या संचालकांची नावं आली, जावयाचंही. भारतचं नसणार, हे त्याला आधीच ठाऊक होतं. तरी त्यानं पाटी दोनदा वाचली.

रविवारी सकाळी तो आईला घेऊन गेला. तिनं घरातली कळशी बरोबर घेतली होती. बारवेवर कुणीच नव्हतं. भिमाबाई सरळ सपाट दगडापाशी गेली, कळशी खाली ठेवली आणि उभी राहिली.

"आई, उतर की."

"थांब. कुनी हाय का बघ."

"कुनी न्हाई."

तरी ती थोडा वेळ उभीच राहिली. मग कळशी कमरेला लावून, एक हात भिंतीला धरून, एकेक पायरी उतरत गेली. भारत वरच थांबला. तिचं पांढरं डोकं खाली खाली जाताना त्याला दिसत होतं. शेवटच्या पायरीवर ती बसली, पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

ती वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. भारतनं कळशी घेतली, तर ती हलकी लागली. आत निम्मंच पाणी होतं.

"आगं, भरून घ्यायची की. पानी हाय खाली."

भिमाबाईनं कळशीत डोकावून पाहिलं. तिचं तिलाही ते आत्ताच कळत होतं.

"निम्मीच मिळायची रे," ती म्हणाली, आणि कळशी घेऊन पुन्हा पायऱ्यांकडे वळली.