के. टी. ५२० ऊर्फ निळाबाई

मी एक जुनी जीप आहे. केनवडच्या थांब्याजवळ लिंबाखाली निळी गाडी दिसली, की ती मीच समजा. मित्रांनो, तुम्ही कधी इकडे आलात, तर ‘निळाबाई कुठंय?’ एवढंच विचारा. कंपनीने दिलेलं नाव घेतलंत, तर लोक नुसते तुमच्या तोंडाकडे बघत बसतील.

खरं तर कंपनीने मला नाव दिलंच नव्हतं. कारखान्यात एका माणसाने माझ्या इंजिनामागच्या पत्र्यावर पितळी पट्टी ठोकली आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. पट्टीवर ‘के. टी. ५२०’ आणि शेवटी एक अक्षर. रांगेतल्या शेकडो गाड्यांवर थोड्याफार फरकाने तेच. शहरात जाणाऱ्या मोटारींची मात्र बारशी थाटात व्हायची. कुणाला वाऱ्याचं नाव, कुणाला वाघाचं, कुणाला डोंगराचं. आम्ही ओझी वाहणाऱ्या, म्हणून आम्हाला अक्षरं आणि आकडे! मला त्याचा फार राग होता. मी मुळातच जरा मानी आहे, हे आधीच सांगून टाकते.

केनवडच्या भिवाजींनी मला घरी आणलं, तेव्हा मी पांढरीफटक होते. धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला होता. भिवाजींनी निळ्या रंगाचा डबा आणला आणि स्वतःच्या हाताने मला नखशिखान्त निळं केलं. शेजारपाजारच्यांना घेऊन मी नागपूरला दीक्षाभूमीवर निघणार, तेव्हा त्यांच्या पत्नी लिलाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“हे के. टी. अन् फे. टी. मले नाही येत म्हणता,” त्या म्हणाल्या. “मी लिलाबाई, हे निळाबाई. झाल्या दोघी बहिणी!”

त्या दिवशी मला काय वाटलं ते कसं सांगू? शेकड्यांनी असलेल्या गाड्यांतली मी एकदम वेगळी झाले, आणि वेगळी होण्यात इतका आनंद असतो हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढे दरवर्षी दीक्षाभूमीला जाण्याआधी भिवाजी मला रंगाचा नवा हात देऊ लागले. बाहेरून तर देतच, पण बॉनेट उघडून आतल्या पत्र्यावरही कुंचला फिरवत. “आतूनबी सजली पाह्यजे माही गाडी,” म्हणत. दोन-तीन वर्षांतच ती पितळी पट्टी रंगाखाली पार बुजली. मी मनातल्या मनात म्हटलं, पीडा गेली.

मग कामाची वर्षं आली. केनवड ते रिसोड, रिसोड ते केनवड. टपावर सोयाबीनची पोती, आत माणसं, माणसांच्या मांडीवर पोरं, आणि पायाशी एखादी पाय बांधलेली कोंबडी. जवळच्या तांड्यावरच्या नानीबाई तर दुसऱ्या गाडीत पायच ठेवायच्या नाहीत. दवाखाना असो की बाजार, रस्त्याच्या कडेला माझी वाट बघत बसून राहायच्या. एवढं कौतुक झाल्यावर कुणाचं डोकं फिरणार नाही? माझंही फिरलं होतं.

भिवाजींची मुलगी पौर्णिमा पडीक वावरात माझ्यावरच गाडी शिकली. पण सवाऱ्या बसल्या की भिवाजी तिला स्टिअरिंगला हात लावू देत नसत. “मी हाव नं,” एवढंच त्यांचं उत्तर. पुढे त्यांचे गुडघे धरले. क्लच दाबला की डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या फेऱ्या कमी होत होत थांबल्या आणि लिंबाखाली माझ्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. वाशीमला नोकरीला असलेला मुलगा प्रसेनजित सुट्टीत आला की नव्या गाड्यांची वर्णनं करायचा. एक्स सेव्हन, झेड प्लस, व्ही एक्स! आता शहरातल्या मोटारींनाही अक्षरं-आकडे लागले होते आणि लोक ते मिरवत होते. जग कुठून कुठे जातं बघा.

माझे दिवस फिरले ते पौर्णिमामुळे. बी. ए. झाल्यावर तिने सवारी गाडी चालवायचा परवाना काढला. तांड्यावरच्या आठ मुलींना रिसोडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पण एसटीची वेळ जुळत नव्हती आणि अनोळखी गाडीतून मुली पाठवायला घरचे तयार नव्हते. नानीबाईंची नात निता त्यांतलीच. नानीबाईंनी सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं, “निळाबाई असन, अन् चालवाले पौर्णिमा असन, त पोरी जातीन. नाही त राहू द्या कॉलेज.” सोमवारपासून जायचं ठरलं. “नानीबाईच म्हंते तू चालव, मंग मी तुले नाही कसं म्हनू!” असं पुटपुटत भिवाजींनी किल्ली दिली.

आणि त्याआधीच्या बुधवारी, नुसती चाचणी घेताना, माझी क्लचप्लेट तुटून तिचा चुरा झाला.

मेकॅनिक उकंडरावांनी रिसोड पालथं घातलं. माझ्या वयाच्या गाडीचा माल तिथे कुठला असायला? शेवटी अकोल्याच्या एका दुकानात फोन लागला. दुकानदाराने विचारलं, “५२० मध्ये तीन गाड्या आहेत. ए, बी, सी. प्रत्येकीची प्लेट निराळी. तुमची कोणती?”

गाडीच्या कागदांवर नुसतं ५२० होतं. उकंडरावांनी भिवाजींकडे पाहिलं. भिवाजींनी छाती पुढे काढली.

“ए सांग! माही निळाबाई काय तिसऱ्या नंबराची हाय?”

आणि मीही, मित्रांनो, मनातून म्हटलं, बरोब्बर! ते अक्षर मी जन्मतःच पाहिलं होतं, पण रागापायी कधी लक्षात ठेवलं नव्हतं.

शुक्रवारी प्लेट आली आणि बसेना. उकंडरावांनी घामाघूम होऊन ती तीनदा फिरवून पाहिली. शनिवारी सकाळी प्रसेनजित आला. “बाबा, मालेगावच्या भंगारवाल्याले बोलावतो. आता हिचं काही होत नाही,” तो म्हणाला. त्याचं बोलणं कडू नव्हतं, पण ‘भंगार’ हा शब्द माझ्यासाठी मी पहिल्यांदाच ऐकला. पौर्णिमा ओट्यावर बसली होती. तांड्यावर काय सांगायचं, हाच विचार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

तेवढ्यात उकंडराव म्हणाले, “कंपनीची पट्टी असते नं आतमदी. तिच्यावर अक्षर असन.”

पौर्णिमा रंग खरडायचं पातं घेऊन धावली. बॉनेट उघडलं. भिवाजींनी मात्र पत्र्यावर हात आडवा धरला. “नको खरडू, पोरी. हे रंगाचे हात नाही. एकेक हात म्हंजे एकेक वर्साची दीक्षाभूमी हाय.”

मलाही खरडायला नको होतं. ते आकडे पुन्हा वर आले की मी परत शेकड्यातली एक होणार, अशी भीती वाटत होती.

लिलाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात हळूच बाजूला केला. “रंग काय, पुढच्या वर्सी पुन्हा देता येते. पोरी एकडाव घरी बसल्या, का मंग बाहेर नाही येत.”

भिवाजी एक पाऊल मागे सरले. पौर्णिमाने खरडायला सुरुवात केली. निळ्याखाली निळा, त्याखाली अजून वेगळा निळा. पापुद्रे गळत होते. मग पितळ चमकलं. भिवाजींनी चष्मा वर ढकलून वाचलं, “के. टी. ५२०... सी.”

तिसरा नंबर! लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिवाजी मात्र खो खो हसू लागले. “सी त सी! पन हे सी कुठंबी मांगं नाही राह्यली!” ते हसताना त्यांचे डोळे भरून आले होते. माझी लाज तिथेच संपली.

पौर्णिमाने लगेच फोन लावला. रविवारी प्लेट एसटीने रिसोडला आली आणि ती आणायला प्रसेनजित स्वतः गेला. संध्याकाळी उकंडरावांनी ती एका दमात बसवली.

तेव्हापासून भिवाजी मला रंगवतात, तेव्हा पट्टीवर आधी कागद चिकटवतात. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. त्याला लाडाचं नाव जरूर द्या. त्यावाचून आमचा जन्म कोरडा जातो. पण त्याच्यावरचे अक्षर-आकडे पुसू नका, एखाद्या वहीत उतरवून ठेवा. नावाने आम्हाला हाक मारता येते, पण आम्ही आजारी पडलो की औषध त्या आकड्यांनीच मिळतं.

तर त्या सोमवारी सकाळी मी तांड्यावर गेले. नानीबाईंनी आठही मुलींना मोजून आत बसवलं आणि निताचं दप्तर स्वतः उचलून दिलं. मुलींना घेऊन मी लिंबाखाली थांबले, तेव्हा भिवाजी सवयीने ड्रायव्हरच्या दारापाशी आले. तिथे पौर्णिमा बसली होती. ते वळले, मागे गेले आणि मुलींना म्हणाले, “सरका व पोरीहो थोडं. मीबी पाहून येतो, माही पोरगी कशी चालवते त.”