तिसऱ्या अंकातले अण्णा

अण्णांना या वर्षी मारायचं, असा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला, तेव्हा भागुबाई चहाचे कप गोळा करत होत्या. त्या जयपुरातल्या मराठी मित्रमंडळाच्या सभासद नव्हत्या. अध्यक्षांच्या, म्हणजे बँकेतल्या वसंतरावांच्या, मातोश्री होत्या. त्यामुळे त्यांच्या मताला मोजणी लागू नव्हती.

"वसंता," त्या म्हणाल्या, "गणपतीपुढे मढं नको. एकदा सांगितलंय."

एकदा सांगितलं होतं ते असं. 'कडी काढा, अण्णा' हे श्यामकांत निगुडकरांचं गाजलेलं नाटक. भांडून घर सोडलेला मुलगा तिसऱ्या अंकाच्या शेवटी परत येतो, दारावर थाप मारतो आणि म्हणतो, "कडी काढा, अण्णा." आत खाटेवर अण्णा मरून पडलेले असतात. पडदा. या पडद्यावर पुण्या-मुंबईची माणसं हुंदके देत घरी जात. जयपुरात मात्र नाटक गणेशोत्सवात व्हायचं, आणि देवासमोर प्रेत भागुबाईंना चालत नव्हतं. तेव्हा काही वर्षांपूर्वी मंडळाने आपला चिटणीस श्रीपाद गोंधळेकर याला सांगितलं, की अण्णांना उठवा. श्रीपाद विमा कंपनीत कारकून. माणूस गेल्यानंतरची कामं त्याच्याकडे असत. उठवण्याचा सराव नव्हता. तरी एका रविवारी दुपारी बसून त्याने चार वाक्यं लिहिली. तेव्हापासून जयपुरातले अण्णा दर गणेशोत्सवात उठून बसत, आणि लोक पुण्या-मुंबईपेक्षा जास्त रडत.

यंदा पंचाईत अशी, की दिल्लीला कसलासा सन्मान घेऊन परतताना खुद्द निगुडकर जयपूर बघायला उतरणार होते. मंडळाने घाईघाईने आमंत्रण दिलं, त्यांनी मोठ्या मनाने स्वीकारलं, आणि मग कुणाला तरी अण्णांची आठवण झाली. लेखक समोर बसलेला असताना त्याने मारलेला माणूस उठवायचा कसा? न उठवावा तर भागुबाई होत्या. शेवटी तोड निघाली. श्रीपादने पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं आणि वाटेत गोडीगुलाबीने परवानगी काढायची. सगळ्या कमिटीने सुटकेचा श्वास सोडला. तो श्रीपादच्या छातीत जाऊन बसला.

घरी त्याला जेवण जाईना. त्याच्या बायकोने, शालिनीने, पानाकडे बघत विचारलं, "भीती कसली वाटतेय? ते रागावतील याची, का अण्णा उठणार नाहीत याची?"

भाजीत मीठ कमी आहे, असं श्रीपाद म्हणाला. मीठ बरोबर होतं.

त्या चार वाक्यांमागचं गुपित एकट्या शालिनीला माहीत होतं. वडिलांशी, म्हणजे दादांशी, वाजल्यावर श्रीपाद मिरजेहून जो निघाला, तो नोकरी धरून थेट जयपूरला आला. पुढे तार मिळाली, रजा मिळाली, गाडीही मिळाली. वडील मिळाले नाहीत.

निगुडकर टांग्यात बसले ते स्वतःच्या जन्मापासून सुरू झाले. चांदपोल दरवाजा येईपर्यंत बालपणातली गरिबी झाली, बाजारात शिरता शिरता पहिली कादंबरी. श्रीपाद मान डोलवत होता आणि प्रत्येक वळणावर, आता बोलतो, असं ठरवत होता. टांगेवाल्याने अधूनमधून घोड्याला थांबवलं, पण कादंबऱ्या थांबेनात. हवामहालापाशी पाहुणे वर बघण्यापुरते गप्प झाले.

"खिडक्या जरा जास्त झाल्यात," ते म्हणाले. "कुणीतरी काटछाट करायला हवी होती."

"साहेब," श्रीपादने संधी साधली, "ते तिसऱ्या अंकाचं जरा बोलायचं होतं."

"बोला ना. तिसरा अंक मराठीत एकाच माणसाला जमतो, हे मी नाही म्हणत हं. लोक म्हणतात."

त्यानंतर उतरायचं ठिकाण येईपर्यंत ते तिसऱ्या अंकावरच बोलले.

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात वसंतराव अण्णांची दाढी चिकटवत होते. परवानगी मिळाली का, असं त्यांनी आरशातूनच विचारलं. तिसऱ्या अंकावर सविस्तर बोलणं झालं, असं श्रीपादने सांगितलं. वसंतरावांची हयात बँकेत गेली होती; असलं उत्तर त्यांना ओळखू येई.

"असं करू," ते म्हणाले. "मी खाटेवर पडतो. तुम्ही प्रॉम्प्टिंगला विंगेत आहातच. 'उठा' म्हणालात तर उठतो, नाही म्हणालात तर मेलो. मात्र जबाबदारी तुमची, श्रीपादराव."

पडद्याच्या दोरीपाशी नंदकिशोर उभा होता. तंबू, खुर्च्या, दिवे सगळं त्याचं. मराठी त्याला कळत नसे, पण शेवटाला तो दरवर्षी डोळे पुसायचा.

"बाबूजी, सुना है इस साल बाबा नहीं उठेंगे?" त्याने हळूच विचारलं. "मैं तो घरवाली को भी लाया हूँ."

"देखते हैं," श्रीपाद म्हणाला.

नाटक सुरू झालं. मुलाचं काम करणारा राजन जयपुरातच वाढलेला. दुसऱ्या अंकात घर सोडताना तो "मी जातोय, मतलब कायमचा" असं म्हणाला. श्रीपादचं तिकडे लक्ष नव्हतं. विंगेतून त्याला पहिल्या रांगेतला सोफा दिसत होता. निगुडकरांनी पहिल्या अंकातच डोळे मिटले होते. ते स्वतःच्या भाषेत रंगले होते की दुपारच्या दाल-बाटीत, हे चेहऱ्यावरून सांगणं कठीण होतं.

तिसरा अंक संपत आला. वसंतराव खाटेवर निश्चल झाले. राजनने दारावर थाप मारली.

"कडी काढा, अण्णा."

नेमक्या त्याच वेळी निगुडकरांनी डोळे उघडले आणि ते सावरून बसले. आपला शेवट आला, हे लेखकाला झोपेतही समजत असावं. नंदकिशोरने दोरी मुठीत धरली आणि श्रीपादकडे पाहिलं. सभागृहात कुणी खोकत नव्हतं. गप्प बसलं की सगळं नियमाने होणार होतं. लेखक खूष, कमिटी खूष; भागुबाईंची समजूत नंतर काढता आली असती. श्रीपादने खाटेकडे पाहिलं. घोंगडीतून दोन म्हातारी पावलं बाहेर आली होती.

"दादा," तो कुजबुजला, "उठा."

वसंतरावांनी दादा-अण्णाचा विचार केला नाही. ते उठले, कंदील घेऊन दाराशी गेले आणि दार नुसतं ओढलं.

"कडी लावलीच नव्हती रे," ते म्हणाले. "रोज नुसतं लोटून ठेवत होतो. तू लोटून बघायचंस. पाय धू, पान वाढतो."

नंदकिशोरने पडदा सोडला तो डोळे पुसता पुसता, त्यामुळे तो वाकडा आला. निगुडकरांच्या कपाळावर आठी होती. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. सबंध सभागृह रडत होतं. टाळ्या थांबत नव्हत्या. आठी हळूहळू मावळली. मग त्यांनीही रुमाल काढला.

रुमाल हातात घेऊनच ते भाषणाला उभे राहिले.

"ही शेवटची वाक्यं," ते म्हणाले, "मी तापाने फणफणलो असताना लिहिली. माझे स्वतःचे वडील डोळ्यांसमोर होते. पुढे छापताना ती कशी गळाली, देव जाणे. मुंबईकरांनी ती कधी म्हटलीच नाहीत. आज जयपूरने माझा शेवट मला परत दिला."

वसंतराव अर्ध्या उपटलेल्या दाढीनिशी छताकडे बघत राहिले. कमिटीतल्या प्रत्येकाला काहीतरी पायाशी पडलेलं सापडलं. श्रीपादला आधी एवढंच कळलं, की कुणी रागावलेलं नाही. उरलेलं त्याला माइकपर्यंत चालत जाताना कळलं. आभार मानण्याचं काम चिटणिसाचं होतं.

त्याने सभागृहाबद्दल हेडमास्तरांचे आभार मानले. दिव्यांबद्दल नंदकिशोरजींचे मानले, प्रसादाबद्दल भागुबाईंचे मानले. मग तो थांबला. निगुडकर छातीवर हात ठेवून, मान किंचित कलती करून तयार बसले होते.

"आणि निगुडकर साहेबांनी अण्णांना जिवंत ठेवलं," श्रीपाद म्हणाला, "याबद्दल मी मंडळाच्या वतीने त्यांचा ऋणी आहे. आणि व्यक्तिशःही."

टाळ्या झाल्या. बायकांच्या बाजूला शालिनीने मान वर केली नाही. मांडीवरच्या लेकीच्या, विभाच्या, वेणीची रिबन, चांगली घट्ट बांधलेली, तिने सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.