दरीपलीकडचा होकार

धुके दरीत काठोकाठ भरले होते आणि पुंजाबाबांच्या हृदयाचा आलेख नाशिकला जाताना तिसऱ्यांदा अर्ध्यावरच तुटला. पेठकडच्या डोंगरातल्या त्या आरोग्य उपकेंद्रात मोबाइल कंपनीची इंजिनिअर तेजस्विनी लॅपटॉपवर वाकून बसली होती. माथ्यावरच्या मोबाइल टॉवरचा वेग वाढवण्यासाठी ती पहाटेच नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरातून निघाली होती. वेग तिने वाढवलाही होता. आता नाशिकचे डॉक्टर आलेखासाठी खोळंबले होते, आणि ठोक्यांची चाल कळल्याखेरीज छाती दाबून पडलेल्या म्हाताऱ्याला औषध देता येत नव्हते.

बाहेर सावित्रीबाई, पुंजाबाबांची बायको, पलीकडच्या पाड्यावरच्या लेकाला साद घालत होती.

"दिनेऽश!"

"ओऽऽ!"

"जीऽप!"

धुके निमूट राहिले. तिने पुन्हा तेवढाच शब्द टाकला. दूरवरून, पाण्याखालून यावा तसा, तो दिनेशच्या आवाजात परत आला, "जीऽप!" मगच तिने पुढचा उच्चारला, "आऽण!"

"आजी, सगळं एकदम का नाही सांगत?" तेजस्विनीने दारातून विचारले.

"दरी गिळते, बाई. एक शब्द द्यायचा. तिकडून तोच आला, की दुसरा."

"मॅडम, तुमच्या टॉवरपेक्षा काकूंचा गळा बरा," नर्स ललिता आतून फणकारली.

तेजस्विनी चपापली. होकाराची ही रीत टॉवरच्या यंत्रालाही ठाऊक होती: माहितीचा एक तुकडा पाठवायचा, पोचल्याचा होकार आला की पुढचा. हरवलेला तुकडा पुन्हा पाठवण्याची मुभा तिनेच सकाळी, वेगाच्या हौसेपायी, छाटून टाकली होती. कड्यांवर आपटून विरणाऱ्या लहरींना दुसरी संधीच उरली नव्हती.

तिने वेग उतरवला, तुकडे लहान केले, छाटलेली मुभा परत दिली. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. मध्येच थबके, तोच तुकडा पुन्हा उचले, पुढे होई. जणू एक म्हातारे हृदय दरीवरून, दगडादगडावर पाय टेकत, पलीकडे चालले होते.

रेघ पुरी झाली आणि नाशिकहून फोन वाजला. डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाचे नाव ललिताने दोनदा उच्चारून खात्री केली आणि सुई भरली. खाली कुठेतरी जीपचा हॉर्न ऐकू आला.

"पोचलं का गं तिकडं, पोरी?" पुंजाबाबांनी क्षीण आवाजात विचारले.

"पोचलं, बाबा."

त्यांनी डोळे मिटले.  तेजस्विनी तोच शब्द परत येण्याची वाट पाहत राहिली.

"पोचलं," ते म्हणाले.