काकूनं वाचवलेला टॅक्स

कौसाकाकू जिना चढताना दिसली तेव्हा हेमंतला आधी सुचलं ते मागच्या दारानं सटकायचं. पण शहरात, कॅम्प पाचमधल्या त्याच्या ऑफिसला मागचं दार नव्हतं.

हेमंत म्युच्युअल फंड विकायचा. काकू बारवी धरणाकडच्या वाडीतली, त्याच्याच गावची. तिची जमीन रस्त्यात गेली, मोबदला आला, आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये हेमंतनं तो सगळा टॅक्स सेव्हर फंडात टाकला. तीन वर्षं हात लावता येत नाही, असा फंड. काकूनं जन्मात इन्कम टॅक्स भरलेला नाही. तिच्याकडं वाचवायला टॅक्सच नव्हता. पण हेमंतचं टार्गेट अडलं होतं आणि टार्गेटवर दुबईची ट्रिप होती.

दुबईहून त्यानं तिला खजुराचा डबा आणला होता, उंटाचं चित्र असलेला. तोच तिनं आता टेबलावर ठेवला. आत करवंदं.

"रिकामा कसा आनू?" ती म्हणाली. "हेमंता, पैसं मोड. घर पन रस्त्यात चाललंय आमचं. बुवापाड्यात खोली बगलीय. शुक्रवारी टोकन दिलं नाय तं मालक दुसऱ्याला देतो."

हेमंत दोन महिने फोनवर सगळ्यांना जे सांगत होता तेच बोलला. "काकू, टाइम लय खराब चाललाय. तिकडं युद्ध, इकडं अमेरिकेचा कर, मार्केट झोपलंय. सरकारनं सगळ्यांचेच पैसे अडकवलेत."

सरकारच्या नावावर पापं भरपूर आहेत, पण हे त्यातलं नव्हतं. अडकवले होते हेमंतनं. आणि लोकांना 'थांबा, लाँग टर्म बघा' सांगता सांगता स्वतःचे शेअर त्यानं पडझडीआधीच गुपचूप विकले होते.

"मंग तुजं पन अडकलं आसंल," काकू म्हणाली.

त्यानं डबा टेबलाच्या कडेला सरकवला.

"तुज्या पोरीची शाळा सुरू होल आता. तांदूळ लागलं तं सांग, धाडून देते. लाजू नको." ती उठली, चपला घातल्या.

दोन पायऱ्या उतरली असेल.

"काकू, थांब."

तो दारात उभा राहून बोलला, तिच्याकडं न बघता. तुला टॅक्स नव्हताच. मला ट्रिप पाहिजे होती. अजून जवळजवळ दोन वर्षं पैसे निघणार नाहीत. माझे मी काढून घेतलेत.

काकू पायरीवरच बसली. म्हणाली, "वाडीत सांगत फिरले, मी टॅक्स वाचवते. बाया हासायच्या. मंग वाचवला कोनाचा रं?"

"खोलीचे पैसे मी भरतो," तो म्हणाला. "टोकन पण, बाकीचे पण."

"भरशीलच. सोडते का काय तुला? पन आदी वाडीत चल. माजं बगून ठमाबाईनं पैसं टाकलं, तिच्या जावंनं टाकलं. मीच म्हनलं हुतं, हेमंता आपला हाय. आता तुज्या तोंडानं सांग त्यांना."

"उद्या येतो."

"आता."

त्यानं शटर ओढलं, काकूला बाइकवर मागं बसवलं. बदलापूर सोडल्यावर रस्ता खणून ठेवला होता. बाइक खड्ड्यात आदळली तशी काकूनं पडू नये म्हणून त्याचा खांदा धरला, आणि मग सोडलाच नाही. तो हात होता तोवर हेमंतला गाडी माघारी वळवता येत नव्हती.