श्रीमंत वडिलांचा कोट

खरे श्रीमंत लोक भोकं पडलेले बनियन इस्त्रीला पाठवतात. बनियनला इस्त्री! आणि सिनेमातले श्रीमंत सकाळचा चहा प्यायलासुद्धा सुटाबुटात जिना उतरतात. माझं इस्त्रीचं दुकान आहे, त्यामुळे या विषयावर मला कोणी शिकवू नये.

असली बडबड मी रोज दुपारी माझ्या धाकट्या बहिणीशी करायचे. ती दुसऱ्या शहरात नोकरीला, एकटी. फोन फळीवर टेकवून ठेवायचा, स्पीकर चालू, आणि माझे हातही चालू. "ताई, आज काय नवीन?" तिने विचारायचा अवकाश, मी सुटलेच. कोणाची झिजलेली कॉलर उलटवून शिवली आहे, कोणता नवश्रीमंत शर्टाचं लेबल वर दिसेल अशी घडी मागतो. ती पोट धरून हसायची. आईबाबा गेल्यापासून आम्हाला एकमेकींशिवाय आहे कोण?

कोटवाल्या काकांचं गुपितही मी तिलाच सांगितलं. फक्त तिला.

काका जुन्या सिनेमांतले. नायिकेचे श्रीमंत वडील व्हायचे. जिन्यावर उभं राहून "हे लग्न होणार नाही" म्हणायचं, की काम संपलं. आता समोरच्या इमारतीत एका खोलीत राहतात आणि दर सोमवारी काळा कोट घेऊन येतात. "काल सत्कार होता. लोक ऐकतात कुठे!" मी कोट उलगडते, तर आत माझीच घडी, माझ्याच दुकानाची नंबराची चिठ्ठी टाचलेली, जशीच्या तशी. कोट खोलीबाहेर गेलेलाच नसतो. मी विचारते, "गर्दी होती का?" मग ते रंगात येऊन सांगतात आणि मी सुरकुती नसलेल्या कोटावरून इस्त्री फिरवते.

"हे पोटात ठेव हं," मी धाकटीला बजावलं होतं.

"वेडी आहेस का, ताई!"

मग एक दिवस दोन कॉलेजच्या मुली पहिल्यांदाच दुकानात आल्या, मैत्रिणीचे कपडे न्यायला, फोनवर काहीतरी ऐकत, खिदळत. "मावशी, ऐका ना, ही इस्त्रीवाली बाई भन्नाट आहे. रोज नवा भाग येतो हिचा."

फोनमधून मीच बोलत होते. माझा आवाज, मागे माझ्याच इस्त्रीची फुसफुस. काकांच्या कोटाचाच भाग होता तो. चिठ्ठीचा किस्सा आला तिथे कोणीतरी मागून हशा आणि टाळ्या जोडल्या होत्या. तोंड उघडलं असतं तर मुलींनी मला ओळखलं असतं, म्हणून मी मुकाट्याने कपडे पुढे सरकवले. आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसावं लागलं, तेही माझ्याच दुकानात.

त्या गेल्यावर धाकटीला फोन लावला. "कधीपासून चाललंय हे?"

"ताई, सांगणारच होते. लोक वेडे झालेत तुझ्यासाठी! आणि मी नाव कुठे घेतलंय कोणाचं?"

"अगं, मी तुझ्याशी बोलत होते."

"तेच तर! म्हणून तर इतकं खरं वाटतं. आधी सांगितलं असतं तर तू सांभाळून बोलली असतीस."

"कोटाचा भाग काढून टाक."

"तोच तर सगळ्यात जास्त चाललाय, ताई."

मी फोन ठेवला. परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. हिने केसाने गळा कापला. "आज काय नवीन?" हे ती मला विचारत नव्हती, मला बोलतं करत होती. मला वाटायचं, तिला माझ्याशिवाय करमत नाही. त्या दुपारी मी रडत इस्त्री केली आणि एका चांगल्या शर्टाची बाही जाळली.

सोमवारी काका आले नाहीत. मंगळवारी आले. कोट हातावर नव्हता, पिशवीत कोंबलेला होता.

"काल फार उशीर झाला," ते म्हणाले. "लोकांनी मिठ्या मारून मारून पार चुरगाळला बघ."

मी कोट टेबलावर पसरला. अंगात घातलेला कोट कोपरात दुमडतो, पाठीवर चुरगळतो. हा सगळीकडून पिळला होता, ओल्या फडक्यासारखा. छातीवर मुठीत धरून आवळल्याच्या खुणा होत्या. चिठ्ठी ओढून काढली होती आणि टाचणीपाशी अस्तर फाटलं होतं.

मी कोटावर हात ठेवून तशीच उभी राहिले. गर्दी होती का, एवढं विचारायलाही जीभ उचलेना. बहिणीने माझं काय केलं ते मी चारचौघांत सांगू शकले असते. मी यांचं काय केलं, ते कोणाला सांगणार?

काका माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते, हातांकडे पाहत होते. जिन्यावरचा तो भारदस्त आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"मुली," त्यांनी हळूच विचारलं, "आता तरी इस्त्रीला आणण्यासारखा झालाय ना?"